दोन एक्के असून सगळं गेलं. कसं खेळायला हवं होतं? (पोकर)

कपाशीवाला:
आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी आलोय, अमळनेरजवळ. यंदा भाच्याने तीनपत्तीऐवजी पोकर मांडला. काल हातात दोन एक्के. खाली सगळ्यांसाठी उघडलेली पानं इस्पिक गुलाम, इस्पिक दश्शी, चौकट चव्वी. कोणी पळू नये म्हणून थोडंच टाकलं. चौथं पान इस्पिक छक्की, आणि मी साफ. असा हात आला तर करायचं काय? लवकर सांगा, जेवणं झाली की परत बसतोय.

तापीकाठ:
किती जण होते? पॉट (मधली जमा) किती, टाकले किती? फ्लॉपआधी (खालची पहिली तीन पानं उघडण्याआधी) वाढवलं होतं का? एक्क्यांत इस्पिकचा होता?

जुनागडी:
एक्क्याची जोडी असली की ब्लाइंड (पानं न बघता) खेळत राहायचं. समोरचा घाबरतोच.

तापीकाठ:
काका, ते तीनपत्तीत. आणि जोडी बघितल्यावर ब्लाइंड कसं राहणार?

कपाशीवाला:
पाच जण. आधी वाढवलं नाही. पॉट शंभर, वीस टाकले. बदाम-किलवर एक्के.

तापीकाठ:
मग आधीच चुकलं. दोन एक्के एकाविरुद्ध ८५ टक्के जिंकतात, चौघांविरुद्ध ५६ च्या आसपास. गर्दी आधीच कमी करायची. पुढे ज्याच्याकडे दोन इस्पिक, त्याला पुढच्या पानाला कलर (पाच इस्पिक) लागायची शक्यता १९ टक्के. वीस भरून एकशेवीस मिळत असतील तर त्याला १४ टक्के पुरतात. तूच त्याला स्वस्तात बसवलंस. सत्तर टाकले असते तर त्याला २९ टक्के लागले असते.

भरीतपार्टी:
एवढे टाकल्यावर सगळे पळतील, एक्के काय चाटायचे? चेक कर (काही न टाकता पुढे जा), दुसऱ्याला टाकू दे, मग दणका दे.

तापीकाठ:
आणि कोणीच टाकलं नाही तर? इस्पिक फुकटात.

जागरूक_नागरिक:
१८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, लक्षात ठेवा.

कपाशीवाला:
अहो, चिंचोके आहेत.

माहेरवाशीण:
आखाजी म्हटलं की झोका न् मांडे आठवतात. पुण्यात मांड्यांचं खापर कुठे मिळेल?

कपाशीवाला:
परत एक्के आले. दणकून वाढवलं, सगळे पळाले. तीन चिंचोके मिळाले.

भरीतपार्टी:
सांगितलं होतं.

तापीकाठ:
कालपेक्षा तीन जास्तच की!

माहेरवाशीण:
खापराचं सांगा ना कोणीतरी.