झोन अंपायरच्या बापाचा आहे का?

डावखुऱ्याचा बाप: परवा इथं एकानं लिहिलं, "कॉलेज बेसबॉलमध्ये झोन अंपायरचाच असतो. दोन्ही टीमना सारखा दिला की झालं, पोरांनी जुळवून घ्यावं." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. झोन म्हणजे प्लेटवरची हवेतली चौकट, तिच्यातून बॉल गेला की स्ट्राइक. प्लेट १७ इंचांची. खाली गुडघ्याच्या वाटीची खालची कड, वर खांदे आणि पँटची वरची कड यांचा मध्य. नियमात सगळं लिहिलेलं असताना यात अंपायरचं काय? शनिवारी माझा पोरगा बॅटिंगला होता, डावखुरा आहे. कॅचरचा ग्लोव्ह पलीकडच्या, उजव्या बॅटरनं उभं राहायच्या रिकाम्या बॉक्सच्या चुन्यावर गेला. ती रेषा प्लेटपासून ६ इंच लांब. म्हणे स्ट्राइक थ्री, म्हणजे आउट! उद्या जुळवून घ्यायला पोरानं हात लांब करून आणायचे का?

ब्लू काका: ते वाक्य माझंच. मी वीकेंडला हायस्कूलच्या मॅचेसना प्लेटमागे उभा असतो. एकदा मास्क घालून कॅचरच्या खांद्यावरून वाकून बघा. ताशी ९० मैलांचा बॉल ०.४ सेकंदात येतो आणि बाहेरचा खालचा कोपरा कॅचरच्या डोक्याआड जातो. शिवाय प्लेट १७ इंचांची, पण कडेला बॉल नुसता चाटून गेला तरी स्ट्राइक. बॉल जवळजवळ ३ इंचांचा. दोन्ही बाजू धरा, २३ इंच होतात. आणि ग्लोव्ह कुठे थांबला त्यावरून बॉल प्लेटवरून कुठून गेला ते ठरत नाही. वळणारा बॉल प्लेट ओलांडून पुढे वळतच असतो.

डावखुऱ्याचा बाप: फास्टबॉल होता काका. सरळ.

ह्यूस्टनची आई: "सारखा झोन" म्हणणाऱ्यांनी मार्च २०२३ची न्यू ऑर्लिन्स विरुद्ध मिसिसिपी व्हॅली स्टेट ही कॉलेज मॅच आठवा. आधीच्या कॉलवर बॅटरनं नाराजी दाखवली, तर अंपायरनं पुढचा बॉल प्लेटच्या कितीतरी बाहेर असूनही स्ट्राइक थ्री देऊन मॅचच संपवली. हा झोन नव्हे, राग.

ब्लू काका: आणि साउथलँड कॉन्फरन्सनं, म्हणजे त्या कॉलेज-गटानं, त्या अंपायरला निलंबित केलं, तेही सांगा की. एका माणसावरून सगळ्यांना झोडपू नका.

कांगा लीग ९१: मी बेसबॉल बघत नाही, पण पंचांची बाजू घेणाऱ्यांना एक सांगतो. पाऊस, चिखल, बॉल नुसता साबण झालेला. माझ्या बॅटची कड घेऊन बॉल पॅडला लागला. ओल्या बॉलचा आवाज येतो कुठं? बोट वर! पुढच्या मॅचला बसवलं, ते कायमचं. मग बँकेत चिकटलो.

तिसरा पंच: म्हणून तर डीआरएस आलं. बेसबॉलवाल्यांनी क्रिकेटकडून शिकावं.

ह्यूस्टनची आई: काय शिकायचं, 'अंपायर्स कॉल'? बॉल स्टंपला लागतोय हे पडद्यावर अख्ख्या स्टेडियमला दिसतं, तरी नॉट आउट! मशीन आणायचं आणि वर त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

तिसरा पंच: तो अंदाज असतो ताई. पॅडनंतरचा मार्ग कुणी पाहिलेला नसतो. अर्ध्याहून कमी बॉल लागत असेल तर मैदानावरच्या माणसाचं ऐकायचं, यात गैर काय? एवढं डोळे मिटून मशीनचं ऐकणार असाल तर पंच हवाच कशाला?

कांगा लीग ९१: मला तर कड लागली होती. तिथं अंदाजाचा प्रश्नच नाही.

तिसरा पंच: अहो, कळलं. भारतानंच २०१६ पर्यंत डीआरएसला नाकं मुरडली, तुमच्या क्लबच्या मॅचला ९१ साली कोण कॅमेरा लावणार होतं?

कांगा लीग ९१: हसा. तुमची जागा गेली असती म्हणजे कळलं असतं.

डावखुऱ्याचा बाप: माझा धागा पार शिवाजी पार्कात नेऊन ठेवलात! बेसबॉलमध्ये अंदाजाची भानगड नाही, बॉल प्लेटवरून प्रत्यक्ष जातो. २०२५च्या एसईसी या कॉलेज-गटाच्या स्पर्धेत, अलाबामातल्या हूवरला, प्रत्येक टीमला ३ चॅलेंज दिले होते, म्हणजे अंपायरचा कॉल मशीनकडून तपासून घ्यायचा. मेजर लीगनं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च लीगनं, २०२६साठी २ मंजूर केले. पिचर, कॅचर किंवा बॅटरनं टोपीला हात लावायचा, निकाल पडद्यावर. कुणाचं काय बिघडलं?

ब्लू काका: एसईसीकडे पैसा आहे. तुमच्या पोराच्या मैदानावर स्कोअरबोर्डाचे दिवे तरी सगळे लागतात का?

डावखुऱ्याचा बाप: नाही लागत. म्हणून चुकीचा कॉल बरोबर होतो?

ब्लू काका: नाही होत. एक कबूल करतो, मग माझ्यावर तुटून पडा. ३-० असताना, म्हणजे तीन बॉल झोनबाहेर आणि स्ट्राइक एकही नाही तेव्हा, आमचा झोन फुगतो, ०-२ला, दोन स्ट्राइक झाल्यावर, आक्रसतो. ठरवून नव्हे. एका बॉलवर पोराला घरी पाठवायचं म्हटलं की हात उठत नाही. आणि डावखुऱ्याला बाहेरचा बॉल जरा जास्तच दिला जातो, मेजर लीगमध्येसुद्धा. पण ६ इंच? तुम्ही सेंटर फील्डच्या कॅमेऱ्यातून बघितलं असणार, तो तिरका असतो.

डावखुऱ्याचा बाप: व्हिडिओ थांबवत थांबवत पुन्हा पाहिला. ४ असतील. घ्या, २ इंच तुमचे, फ्रेम करून लावा. उरलेल्या ४चं काय ते पोराला तुम्हीच समजवा.

कांगा लीग ९१: आणि माझ्या कडेचं?