डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षक पदविका) इंटर्नशिप: दुसरीची हातच्याची वजाबाकी

प्रश्न: इंदूरच्या प्राथमिक शाळेत इंटर्नशिप चालू आहे. दुसरीची बरीच मुलं ४२ − १७ चं उत्तर ३५ काढतात. पाठ कसा घेऊ?

उत्तर १: ताई, मुलं ७ मधून २ वजा करतायत, मोठ्यातून लहान काढायची सवय. आधी खडू खाली ठेवा. प्रत्येक जोडीला खराट्याच्या काड्या द्या: दहा-दहाचे ४ गठ्ठे, २ सुट्या. त्यातून ७ सुट्या मागा. पुरत नाहीत, मग मुलानेच एका गठ्ठ्याचं रबरबँड काढायचं. आता सुट्या १२. गठ्ठा तुम्ही सोडलात तर सगळं फुकट!

उत्तर २: बरोबर. फक्त गठ्ठा सुटताच वहीत ४ खोडून ३ लिहायला लावा, नाहीतर काड्या वेगळ्या, गणित वेगळं. ५० − २३ मात्र नंतर. शून्यावर मुलं अडतात.

उत्तर १: आणि गठ्ठे घरूनच बांधून न्या.