मदत हवी आहे: लेक एम.एस्सी.साठी श्रीनगरला (गढवाल) चालली आहे. खोली, रस्ता आणि पावसाळा

नमस्कार मंडळी,

आम्ही इंदूरचे, राजेंद्र नगरात राहतो. मुलीने होळकर कॉलेजातून भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, सीयूईटी-पीजी ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा दिली आणि आता हेमवती नंदन बहुगुणा गढवाल विद्यापीठात एम.एस्सी. जिऑलॉजीला प्रवेश मिळतोय. गाव श्रीनगर. काश्मीरचं नव्हे, उत्तराखंडातलं. ऋषिकेशहून बद्रीनाथच्या रस्त्यावर साधारण १०५ किलोमीटर.

जावं की जाऊ नये हा प्रश्न नाही, ते ठरलंय. पुण्याला का नाही, बडोद्याला का नाही, हे सगळं नातेवाइकांत बोलून झालं. बडोद्याच्या एम.एस. युनिव्हर्सिटीचा विभाग चांगला आहे हे मलाही माहीत आहे. पण तिचं म्हणणं मला मनापासून पटलं. आमच्या माळव्यात कुठेही खणा, खाली तोच काळा बेसाल्ट. तिला डोंगर कसे उभे राहतात ते शिकायचंय. श्रीनगरजवळून नॉर्थ अल्मोडा थ्रस्ट जातो (थ्रस्ट म्हणजे एका बाजूचे खडक दुसऱ्यावर सरकलेली भेग), अलकनंदा नदीने मागे सोडलेले नदीमंच, म्हणजे काठचे पायऱ्यांसारखे सपाट टप्पे, गावातूनच दिसतात, आणि ऋषिकेश–कर्णप्रयाग रेल्वेचं काम तिथूनच चाललंय. त्या १२५ किलोमीटरच्या मार्गातले शंभराहून जास्त किलोमीटर बोगद्यांत आहेत. हे सांगताना तिचा चेहरा असा काही फुलतो की मी तिला मागे ओढणार नाही.

पण काळजी आहे, आणि आमच्या ओळखीत तिकडे राहिलेलं कोणीही नाही. म्हणून विचारते.

पहिली गोष्ट खोलीची. विद्यापीठ नदीच्या दोन्ही काठांना आहे असं दिसतं: बिर्ला परिसर श्रीनगर गावात, म्हणजे पौडी जिल्ह्यात, आणि पलीकडे चौरास, तो टिहरी जिल्हा. हॉस्टेल मिळेलच असं नाही. मुलीने एकटीने कोणत्या काठाला राहावं? तास एकीकडे आणि खोली दुसरीकडे असली तर रोजचं येणं-जाणं जमतं का?

दुसरी, नदी. जून २०१३ च्या पुरात श्रीनगरच्या काही वस्त्या गाळाने भरल्या होत्या हे वाचल्यापासून मला नीट झोप नाही. लेक म्हणते, १८९४ मध्ये वरच्या बाजूचा, दरडीने नदी अडून झालेला गोहना तलाव फुटला तेव्हा तर जुनं गावच वाहून गेलं आणि आजचं गाव त्यानंतर नव्याने आखून वसवलं. ती हे अभ्यास म्हणून सांगते, मला ऐकताना धडकी भरते.

तिसरी, रस्ता. प्रवेशासाठी जायचं ते ऐन पावसाळ्यात. तोताघाटी, सिरोबगड ही दरडींची नावं बातम्यांत सारखी येतात. इंदूरहून, म्हणजे लक्ष्मीबाई नगरहून, थेट ऋषिकेशची गाडी आहे, ते सोपं. पुढचं कसं करावं?

आणखी एक, जे तिचे बाबा विचारणार नाहीत म्हणून मीच विचारते. फील्डवर दिवसदिवस डोंगरात राहावं लागतं तेव्हा मुलींची सोय काय असते? पाळीच्या दिवसांत कसं करतात? शिवाय त्या भागात बिबट्याचा वावर आहे म्हणतात. संध्याकाळी लायब्ररीतून परतणं सुरक्षित आहे का?

गरम कपडे किती घ्यावेत तेही सांगा. सासूबाई बद्रीनाथच्या यात्रेत श्रीनगरला एक रात्र मुक्कामाला होत्या. त्यांना तिथला फक्त उकाडा आठवतो, त्यामुळे माझा गोंधळ वाढलाय.

प्रतिसाद १

काकू, मी देवासची. श्रीनगरच्या याच विद्यापीठातून वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. तुमच्या सासूबाईंना अगदी बरोबर आठवतंय. श्रीनगर खोऱ्यात आहे, उंची जवळजवळ इंदूरइतकीच, साडेपाचशे मीटरच्या थोडी वर. मे-जूनमध्ये भरपूर तापतं, पंख्याशिवाय भागत नाही. थंडी डिसेंबर-जानेवारीची, तीही पहाटे आणि रात्री. बर्फ बघायला वर जावं लागतं, पौडी किंवा खिर्सूकडे. तेव्हा एक चांगलं जॅकेट, दोन स्वेटर आणि जाड रजई पुरे. रजई तिथेच घ्या, इथून ओझं नेऊ नका. खरा खर्च बुटांवर करा. घोट्यापर्यंतचे, चांगल्या पकडीचे. जिऑलॉजीवाल्यांचे पाय दगडांवरच असतात.

सिरोबगड श्रीनगरच्या पुढे आहे, रुद्रप्रयागकडे. तुमच्या वाटेत ते येत नाही. तोताघाटी येते, देवप्रयागच्या अलीकडे. दरड पडली की गाड्या तासन्‌तास थांबतात. ऋषिकेशहून पहाटेची बस किंवा शेअर जीप धरा, एरवी तीन-चार तास लागतात. दुपारनंतर निघूच नका, कारण अडकलात तर डोंगरात अंधार पडतो. सोबत पाणी, दशम्या आणि एक दिवस जादा हवाच. मे-जूनमध्ये चारधामची गर्दी असते, त्यामुळे परीक्षा संपवून घरी येतानाचं तिकीटही हाच हिशोब धरून काढायला सांगा.

खोलीबद्दल: आधी विभागात विचारून घ्या की तास आणि प्रॅक्टिकल कोणत्या परिसरात होतात, मगच काठ ठरवा. मधे पूल आहे, पण रात्री एकटीने ये-जा करावी लागू नये. बाजार, दवाखाना, बस हे श्रीनगरच्या बाजूला जवळ पडतं. मोठं सरकारी रुग्णालय श्रीकोटला आहे, मेडिकल कॉलेजचं. भक्तियाना, डांग इकडे मुली खोल्या घेऊन राहतात. नदीलगतची स्वस्त खोली मात्र घेऊ नका. घरमालकाला सरळ विचारा की २०१३ ला पाणी कुठवर आलं होतं. जुनी माणसं हात करून दाखवतात. आणि तिला हे आजच सांगून ठेवा: गावाच्या वरच्या बाजूला ३३० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प आहे. पाणी सोडलं की पात्र बघता बघता भरतं. दगड बघायच्या नादात एकटीने पात्रात उतरायचं नाही.

बिबट्याला तिथे गुलदार म्हणतात आणि कोणी तो विषय हसण्यावारी नेत नाही. अंधार पडल्यावर झाडीकडच्या पायवाटा टाळायच्या, घोळक्याने आणि मुख्य रस्त्याने यायचं. आम्ही मैत्रिणी एकमेकींसाठी थांबायचो, त्यात कधी कोणी कुरकुर केली नाही.

फील्डचं सांगते. डोंगरात स्वच्छतागृह नसतं हे गृहीत धरा. आम्ही पाण्याची बाटली, कागदी पिशव्या, एक ओढणी आणि दुखण्यावरची गोळी सॅकमध्ये कायम ठेवायचो. गावांतल्या बायका फार मायेने घरात बोलावतात, संकोच करू नको म्हणावं. त्यांच्याकडची मंडुव्याची, म्हणजे नाचणीची रोटी आणि कुळथाची डाळ खाऊन मला घरची आठवण कमी यायची.

धागाकर्ती

बाळा, तुझे किती आभार मानू! लेकीला तुझा प्रतिसाद वाचून दाखवला. पात्रात उतरण्याबद्दलचं तिने माझ्यासमोर कबूल केलंय.

आता असं ठरवते: प्रवेशाच्या वेळी मीही सोबत जाते, आधी विभागात चौकशी, मग खोली, आणि ती रुळेपर्यंत थोडे दिवस तिथेच राहते. त्यासाठी दोन गोष्टी अजून हव्यात. इथल्या देवी अहिल्या विश्वविद्यालयाकडून मायग्रेशन (विद्यापीठ बदलताना लागणारा दाखला) यायला उशीर झाला तर तिथे मुदत देतात का, तुझ्या वेळी काय झालं होतं? आणि भक्तियाना किंवा डांगकडे, नदीपासून वर, मुलींनाच खोल्या देणारी एखादी घरमालकीण तुझ्या ओळखीची असेल तर नंबर इथे टाकू नकोस, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.