चेंज स्ट्रीम स्वतः वाचावी की तयार कनेक्टर लावावा?

मांजराकाठ (लातूर): आमचं सॉफ्टवेअर आडतीवर शेतकऱ्याची पट्टी काढतं: काटा, सौद्याचा भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. डेटा गूगलच्या स्पॅनर या डेटाबेसवर. भाव बदलला की शेतकऱ्याला मेसेज जावा म्हणून आम्ही चेंज स्ट्रीम (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदींचा प्रवाह) वाचतो, आणि वाचणारा प्रोग्राम घरचाच आहे. माझं ठाम मत आहे की ज्याला क्रमाची काळजी आहे त्यानं तो स्वतः लिहावा.

पहिली क्वेरी टोकन न देता टाकली की बदल येत नाहीत, पार्टिशनची (स्ट्रीमच्या तुकड्यांची) टोकनं, म्हणजे ओळखखुणा, येतात. मग प्रत्येक टोकनावर वेगळी क्वेरी. पार्टिशनं कायमची नसतात. ती फुटतात, जुळतात, आणि जुनी क्वेरी नव्या टोकनांची नावं देऊन संपते. सातबाऱ्यावर बघा. गट ४५ चे पोटहिस्से पडले तर आधी मूळ गटावरचे फेरफार निकाली निघायला पाहिजेत, मग ४५/१ वर नोंद. दोन गट एक झाले तर दोन्हीकडचे.

सोयाबीनच्या हंगामात आम्ही हेच पाळलं नव्हतं. नवं टोकन दिसलं की लगेच वाचायला घ्यायचो. एका लॉटचा भाव ४,३१० पडला होता, मुनिमानं दुरुस्त करून ४,३८० केला. दुरुस्ती नव्या पार्टिशनातून आधी आली, मूळ नोंद जुन्यातून मागून. शेतकऱ्याच्या मोबाईलवर शेवटचा मेसेज ४,३१० चा! १७ क्विंटलला १,१९० रुपयांचा फरक. तो माणूस दुसऱ्या दिवशी औशाहून पट्टी हातात धरून परत आला. डेटाबेसनं सगळं बरोबर दिलं होतं, वाचताना आम्ही चुकलो.

जालनेकर: दादा, तुमच्याच गोष्टीवरून मी उलटं म्हणेन. गूगलच्याच डेटाफ्लो सेवेचा तयार कनेक्टर टोकनांचा हिशोब एका वेगळ्या मेटाडेटा टेबलात ठेवतो, फुटणं-जुळणं तोच बघतो. तुमचा प्रोग्राम शनिवारी रात्री बंद पडला आणि सोमवारी सकाळी कळलं तर? स्ट्रीम बदल जपून ठेवते ती मुदत वाढवली नसेल तर १ दिवसाचीच असते. त्याहून जुने बदल गेलेच. चार जणांच्या टीमनं हे ओझं कामून घ्यायचं?

मांजराकाठ: मुदतीचं मान्य, ती वाढवली. पण कनेक्टरच्या पुढं रेकॉर्ड वेगवेगळ्या वर्करांकडं (काम वाटून घेणाऱ्या मशीनकडं) वाटले जातात, तिथं क्रमाची हमी नाही. एकेका कीचे (ओळीच्या ओळखक्रमांकाचे) बदल गोळा करून कमिट टाइमस्टॅम्पनं (बदल पक्का झाला त्या वेळेनं) तुम्हालाच लावावे लागतात. म्हणजे अवघड काम अंगावर राहतंच, वर दिवसरात्र चालणाऱ्या वर्करांचं बिल.

बालाघाट: एवढा खटाटोप कशाला? टेबलात कमिट टाइमस्टॅम्पचा कॉलम ठेवा, दर मिनिटाला बदललेल्या ओळी काढा. आमच्याकडं व्यवस्थित चाललंय.

गोदाकाठची (नांदेड): भाऊ, त्यात डिलीट झालेली ओळ दिसत नाही. एका मिनिटात भाव दोनदा बदलला तर मधला भावही दिसत नाही.
मांजराकाठ दादा, मूळ पार्टिशन संपेपर्यंत थांबायचं हे तर आहेच, पण पट्टीच्या ओळीत शेवटचा पाठवलेला कमिट टाइमस्टॅम्पही ठेवा. त्याहून जुना रेकॉर्ड आला तर मेसेज रोखा. एकाच ट्रान्झॅक्शनमधले (एकदमच पक्के झालेले) दोन बदल असतील तर रेकॉर्ड सिक्वेन्स, म्हणजे त्यांचा आतला क्रम, बघा. तोच रेकॉर्ड दोनदा आला तरी निभावतं. आणि शांत पार्टिशन मेलं समजू नका. बदल नसताना हार्टबीट येतो, तो म्हणजे "या वेळेपर्यंतचं सगळं दिलं".

बालाघाट: आम्ही ओळ डिलीट करतच नाही, 'रद्द' खूण मारतो. आणि मधला भाव शेतकऱ्याला पाठवायचाच कशाला? शेवटचा पाठवा, गोंधळच नाही.

जालनेकर: मेसेजपुरतं बालाघाट बरोबर आहेत.

मांजराकाठ: ताई, टाइमस्टॅम्पची तपासणी आजच टाकतो. बालाघाट भाऊ, मेसेज शेवटचाच जाऊ दे, पटलं. पण मधला भाव मी सोडणार नाही. तो औशाचा माणूस १,१९० रुपयांचा खुलासा ऐकून घेतल्यावरही उठला नाही. त्याचा पुढचा प्रश्न होता, "आधी ४,३१० लिहिलं कुणी, आणि किती वाजता?" ते उत्तर मला फक्त स्ट्रीमच्या नोंदीतून देता आलं.