दाजी फौजेतून पेन्शनवर आलेत, गावात मन लागेना

तेरणाकाठ: सतरा वर्षांची नोकरी, बरीचशी ताबारेषेवर. आता पहाटे तीनलाच उठून बसतात, फटाक्यानं दचकतात, शेतात धाकट्या भावाशी वाजतं. गावात ‘मेजर’ म्हटलं तरी चिडतात. सुरुवात कुठून करावी?

बांधावरचा: आपल्याकडं शिपाई असो की सुभेदार, सगळेच ‘मेजर’. हवालदाराच्या तीन फिती कमावलेल्याला ते खोटं वाटणारच. आधी घरच्यांनी नावानं किंवा नात्यानं हाक मारा.

शेत इतकी वर्षं भावानं कसलंय, तिथं हुद्दा चालत नाही. पहिलं खरीप भावाच्या हाताखाली काढा, पण एक काम पूर्ण दाजींकडं द्या: घरच्या सोयाबीनची उगवण तपासणं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं. सातव्या दिवशी चांगले कोंब मोजायचे. ७० आले तर एकरी ३० किलो बियाणं, ६० आले तर ३५. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच. पावसाआधीच कोरड्यात धूळपेरणीची घाई केली की दुबार पेरणी आलीच. फौजी माणूस मोजमापात चुकत नाही, आणि त्याच्या आकड्यावर भावाला पेरावं लागतं. कम्युटेशनचा, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून मिळालेला एकरकमी पैसा मात्र वर्षभर बोअरमध्ये घालू देऊ नका.

रातकिडा: झोप लागेना तर वीसेक मिनिटांनी अंथरूण सोडायचं, पेंग आली की परत. उठायची वेळ रोज एकच. फौजी कँटीनची दारूची बाटली झोपेसाठी नको. डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. फटाक्यांचा बार उडवायचा असेल तर आधी सांगा, दचकवतो तो अचानकपणा. दचकणं, तीच ती स्वप्नं, माणसं टाळणं महिन्यापेक्षा जास्त चाललं तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधून रेफर करून घ्या. रात्री-अपरात्री टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट.

तेरणाकाठ: आणि कागदपत्रं? ताईचं नाव डिस्चार्ज बुकात वेगळं, आधारवर वेगळं आहे.

बांधावरचा: ते आधी उरका, पुढं फॅमिली पेन्शन तिथंच अडकते. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नोंदणी, ओळखपत्र तिथंच होतं. नावाची दुरुस्ती फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसकडून, अर्ज तिथले लोक भरून देतात. पण खेटे ताईला घालायला लावू नका, दाजींनाच पाठवा.