शब्दचर्चा: ‘करुण’ की ‘आर्त’?

गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ‘पिया बिन नाहीं आवत चैन’ काल पुन्हा ऐकली. जेमतेम तीन मिनिटांची जुनी तबकडी, पण नंतर बराच वेळ कुणाशी बोलावंसं वाटेना. मुलीला सांगायला गेलो, ‘फार करुण आहे गं’, आणि बोलताबोलताच शब्द चुकल्यासारखा वाटला. करुण नाही, तर मग काय?

---

मी ‘आर्त’ म्हणेन. करुण म्हणताना आपण बाहेर उभे असतो. करुण दृश्य, करुण कहाणी: कणव येते ती बघणाऱ्याच्या मनात. आर्त ज्याचं त्याचं असतं आणि ते कुणाला तरी उद्देशून असतं. आर्त हाक म्हणतो, आर्त स्वर म्हणतो. आर्त दृश्य कुणी म्हणत नाही. खाँसाहेबांच्या किराणा घराण्याच्या गायकीत स्वर असा लावण्याला ‘पुकार’ म्हणतात, ते उगाच नाही.

शिवाय जुन्या मराठीत आर्त म्हणजे नुसती पीडा नव्हे, उत्कट इच्छाही. मनीचं आर्त. खाँसाहेबांचीच जोगिया रागातली ‘पिया के मिलन की आस’ ऐका. दुःख कुठे संपतं आणि इच्छा कुठे सुरू होते, ते मला इतक्या वर्षांत सांगता आलेलं नाही.

---

‘करुण’ इतक्या लवकर सोडू नका. शार्ङ्गदेवाने 13व्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात 22 श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांच्या, पाच जाती सांगितल्या, त्यांतली एक करुणा. दयावती, आलापिनी, मदंती या तिच्या श्रुती. काय नावं आहेत!

---

मला त्या ओळीतली ‘चैन’ थांबवते. मराठीत चैन म्हणजे मौजमजा, चैनीच्या वस्तू, हात सैल सोडून केलेला खर्च. हिंदीत मनाची स्वस्थता. पण तोच अर्थ आपल्याकडेही जिवंत आहे, फक्त नकारात. ‘त्याला चैन पडेना’ म्हटल्यावर मौज कुणाच्या मनात येत नाही. ‘बेचैन’चंही तसंच. चैन ‘केली’ की एक अर्थ, ‘पडली नाही’ की दुसरा. त्या ओळीत ती ‘येते’, आपल्याकडे ‘पडते’, एवढाच काय तो फरक.

---

आर्त झिंझोटीला शोभतो, पण सगळीकडे लावू नये. अमीर खाँसाहेबांचा मारवा घ्या, ‘पिया मोरे अनत देस गइलवा’. प्रसंग तोच, पिया दूर. पण इथे हाक नाही. कोमल रिषभ (रे), पंचम (प) वर्ज्य, आणि षड्जावर, म्हणजे मूळच्या ‘सा’वर, येणं लांबवत राहायचं. घर समोर दिसतं पण पाय आत पडत नाही. याला ‘कातर’ म्हणावं. मारवा सूर्यास्ताचा राग, आणि त्या वेळेला आपण कातरवेळच म्हणतो. कातर झालेला माणूस हाक मारत नाही, नुसता दाराशी येऊन उभा राहतो.

---

झिंझोटीसाठी ‘आर्त’ घेतला. मुलीला तो शब्द ठाऊक नव्हता. म्हटलं, चैन पडत नाही ना, तसं. तिने तबकडी पुन्हा लावायला सांगितली.