एफई सिव्हिल: बीईची पुस्तकं पुन्हा काढायची की नुसतं हँडबुक?

खडीवाला:
नमस्कार मंडळी. महाराष्ट्रातून बीई सिव्हिल, आता टेक्सासमध्ये साइट इन्स्पेक्शनची नोकरी. साहेब मागे लागलेत, एफईची परीक्षा देऊन ईआयटी (शिकाऊ इंजिनिअर) करून घे म्हणजे पुढे पीईचं (परवानाधारक इंजिनिअरचं) बघता येईल. परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएसचा अभ्यासक्रम उघडला तर १४ विषय! कॉलेज सुटून बरीच वर्षं झाली, त्यात मुलगी झोपल्यावर जो वेळ उरेल तेवढाच माझा. सगळं पहिल्यापासून करू, की सूत्रांचं हँडबुक परीक्षेत मिळतंच म्हणून नुसती गणितं सोडवत सुटू? आणि इंजिनिअरिंगचा जुना कॅसिओ चालतो का?

लेव्हलिंग_स्टाफ:
पहिल्यापासून काढायला बसलात तर सर्व्हेइंगपर्यंतही पोचणार नाही. आपल्याकडे स्टॅटिक्स आणि एसओएम (स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स) इतकं घोटून घेतलेलं असतं की थोड्या सरावात परत हाताला येतं. गाडी अडते ती एककांवर आणि इथल्या रिवाजांवर. पेपरात एसआय आणि अमेरिकन, दोन्ही एककं येतात.

साधा बीम घ्या. स्पॅन २० फूट, भार फुटाला २ किप (१ किप म्हणजे १००० पौंड). डब्ल्यूएल वर्ग भागिले ८, मोमेंट १०० किप-फूट. चालणारा ताण २४ केएसआय (चौरस इंचाला किप), तर सेक्शन मॉड्युलस किती? १२ ने गुणून १२०० किप-इंच केलेत तर ५० घन इंच. गुणायचं राहिलं तर ४.१७, आणि असल्या चुकीचं उत्तर पर्यायांत मांडून ठेवलेलं असतंच, त्यामुळे चुकल्याचा संशयही येत नाही.

रिवाजांचंही तेच. भाराचं १.५ (डीएल + एलएल), म्हणजे डेड आणि लाइव्ह लोड, डोक्यातून काढा, इथे १.२ डी + १.६ एल. काँक्रीटची ताकद आपल्या एम२५ची घनावर मोजलेली, इथला एफसी सिलिंडरचा आणि तोही पीएसआयमध्ये (चौरस इंचाला पौंड). वर्गमुळाखाली ४००० घालायचे, ४ नव्हे. रस्त्याच्या वक्राची डिग्री आपण ३० मीटरच्या चापावर काढायचो, १७१९ भागिले त्रिज्या. इथे चाप १०० फुटांचा, म्हणून ५७२९.५८ भागिले त्रिज्या. चेनेज (सुरुवातीपासूनचं अंतर) १२+५० दिसलं तर ते १२५० फूट. तुम्ही साइटवरच असता, हे रोज डोळ्यांखालून जात असणार.

हँडबुक पीडीएफच मिळते, स्क्रीनच्या एका बाजूला. तिची प्रिंट काढून खुणा करत बसू नका, तिथे कागद नसतो, शोधायची चौकट असते. घरीसुद्धा शोधूनच सूत्र काढायची सवय लावा, म्हणजे कुठला शब्द टाकला की नेमकं पान येतं ते बोटांना कळतं. ११० प्रश्न आणि ५ तास २० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला जेमतेम तीन मिनिटं.

कॅसिओच्या मॉडेलमध्ये ११५ किंवा ९९१ असेल तर चालतो. ९९१ एमएस असेल तर खुशाल न्या. ८२ किंवा १०० वाला नाही चालत.

डायनॅमिक्स सरळ सोडून द्या, जेमतेम ४ ते ६ प्रश्न.

पाणीवाली:
बाकी सगळं पटलं दादा, पण डायनॅमिक्स सोडायला सांगू नका हो. तिथले बरेचसे प्रश्न सूत्रात आकडे घालण्याचेच असतात, फुकटचे मार्क. सोडायचंच असेल तर स्वतःच्या कच्च्या विषयातला खोल भाग सोडा.

खडीवाला, पाणी-पर्यावरण, स्ट्रक्चर आणि जिओटेक, तिघांना प्रत्येकी १० ते १५ प्रश्न. तिथून सुरुवात करा. पाण्याच्या प्रवाहाच्या मॅनिंगच्या सूत्रात एसआयला १ आणि फुटांना १.४८६, हे हँडबुकात असतं, पण घाईत हमखास राहतं. मातीचं वर्गीकरण मात्र आश्टोच्या (अमेरिकन रस्ते-वाहतूक संघटनेच्या) पद्धतीनेही येतं, त्याचा तक्ता नीट बघून ठेवा. इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. इथे त्याचे ५ ते ८ प्रश्न आहेत आणि फॅक्टरचे तक्ते हँडबुकातच दिलेत. एथिक्स झोपताना वाचलं तरी होतं. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

खडीवाला:
दोघांचेही आभार. ९९१ एमएसच आहे, जीव भांड्यात पडला! २५ मिनिटांच्या ब्रेकमध्ये सुचलं तर आधीचे प्रश्न परत उघडता येतात का?

लेव्हलिंग_स्टाफ:
नाही. निम्मे प्रश्न झाले की तो भाग सबमिट करायचा, मगच ब्रेक, आणि सबमिट केलेलं परत उघडत नाही. पण वेळ दोन्ही भागांना मिळून एकच असतो, अर्धा-अर्धा वाटून देत नाहीत. पहिल्या भागात गणित, स्टॅटिक्स असली जुनी ओळखीची मंडळी असतात, ती लवकर उरकून दुसऱ्यासाठी वेळ राखा. डायनॅमिक्सचं ताई म्हणतात तसं करा.

पाणीवाली:
आणि नोंदणी करताना पासपोर्ट समोर ठेवा. आपल्या पासपोर्टावर गिव्हन नेममध्ये वडिलांचं नाव घुसलेलं असतं. नाव-आडनाव ओळखपत्राशी जुळलं नाही तर सेंटरवर आत सोडत नाहीत. पदवीच्या मूल्यमापनाचं तुमच्या राज्याच्या बोर्डाच्या पानावर आत्ताच बघून घ्या, प्रत्येक राज्याचं निराळं असतं आणि विद्यापीठातून कागद यायला वेळ लागतो.